पासवर्ड बरोबर, पण लॅपटॉप कोणाचा? कारखान्यांच्या ‘रिमोट’ दारांवर पहारा हवा

छत्रपती संभाजीनगर : वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील अनेक कारखान्यांचे सर्व्हर आता फक्त कारखान्यातून उघडले जात नाहीत. अकाउंटंट सिडकोतल्या घरून टॅली उघडतो. मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर पुण्यात बसून पीएलसीचा प्रोग्राम पाहतो. मालक प्रवासात मोबाइलवर डिस्पॅच तपासतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घाईघाईने उघडलेली ही दारे पुढे सोयीची ठरली आणि तशीच राहिली. त्यात गैर काही नाही. गैर हे, की बऱ्याच ठिकाणी सगळे एकाच किल्लीने आत येतात.

सायबर हल्ला उद्योजकांना नवा नाही. मार्च २०२१ मध्ये खुद्द एमआयडीसीच्या संगणक यंत्रणेवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि ऑनलाइन कामे अडली. दोनच महिन्यांत, मे २०२१ मध्ये, अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइनचा इंधनपुरवठा अशाच हल्ल्यामुळे काही दिवस बंद पडला. कंपनीने ४४ लाख डॉलरची खंडणी मोजली. चोर शिरले कुठून? वापरात नसलेल्या, पण बंद न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्याला फक्त पासवर्ड होता. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीसारखी दुसरी तपासणी नव्हती.

उपकरण कसे ओळखायचे?

व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून कारखान्याच्या नेटवर्कपर्यंत नेलेला बंदिस्त बोगदा. पण पासवर्ड हाच एकमेव पहारा असेल, तर तो टाकणारा गारखेड्यात बसला आहे की परदेशात, याने फरक पडत नाही. म्हणून माणसासोबत यंत्रही ओळखावे लागते. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये डिजिटल सर्टिफिकेट टाकले, की ते नसलेल्या यंत्रावरून अचूक पासवर्डही चालत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढे एक सर्टिफिकेट रद्द करायचे, बाकीच्यांचे काम सुरू.

‘आम्ही मॅक ॲड्रेसची यादी लावली आहे’ हे उत्तर हमखास मिळते. कारखान्यातल्या वायफायपुरते ते ठीक. मात्र मॅक ॲड्रेस सॉफ्टवेअरने सहज बदलता येतो, अँड्रॉइड १० पासून फोन स्वतःच वायफायवर खोटा पत्ता दाखवतात, आणि घरच्या राउटरपलीकडे तो जातही नाही. बाहेरून येणाऱ्यासाठी ही यादी म्हणजे निव्वळ समाधान.

आत आल्यावर कुठपर्यंत, हा पुढचा प्रश्न. अकाउंटंटला टॅलीचा सर्व्हर पुरे. पीएलसीपर्यंत त्याची वाट कशाला? सर्व्हिस इंजिनिअरला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासांपुरतेच दार उघडावे. हे नियम लावायची सोय चांगल्या फायरवॉलमध्ये असतेच. कोणाला काय द्यायचे हे ठरवायला कोणी बसत नाही. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवण्याला तर कोणतीच सबब चालू नये.

सगळ्यात घातक सवय एकच आयडी पाच जणांनी वापरण्याची. समजा, दरपत्रकाची फाइल बाहेर गेली. लॉग पाहिला तर नाव निघते ‘ॲडमिन’. मग संशय जातो तो नुकताच राजीनामा दिलेल्या किंवा सर्वांत कमी पगाराच्या मुलावर, आणि ‘मी नव्हतो’ हे दाखवायला त्याच्याकडे काहीच नसते. वेगळा आयडी मागण्यात खरा स्वार्थ कर्मचाऱ्याचाच आहे.

कायदाही आता आडून बसलेला नाही. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. लघुउद्योगांना दिलेली सवलतीची मुदत २५ सप्टेंबर २०२२ रोजीच संपली. पण १८० दिवस नुसते ‘ॲडमिन, ॲडमिन’ जपून तपास अधिकाऱ्यासमोर काय ठेवणार?

सुरुवात फुकट होऊ शकते. नोकरी सोडणाऱ्याकडून एचआर ओळखपत्र आणि सेफ्टी शूज परत घेते, फॉर्मवर सही घेते. त्याच फॉर्मवर ‘व्हीपीएन खाते बंद केले’ ही एक ओळ आणि आयटीवाल्याची सही वाढवायची आहे.