गंगेत बोटी नंतर आणा, आधी गाळ काढा

मंडळी, आपला सायखेड्याचा पूल राष्ट्रीय जलमार्गावर आहे, हे किती जणांना माहीत आहे? 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले 111 जलमार्ग आहेत. त्यातला 4 नंबरचा जलमार्ग गोदावरीत आधी भद्राचलम ते राजमहेंद्रीपर्यंत होता. या कायद्याने तो वरच्या अंगाला थेट नाशिकपर्यंत ओढला, म्हणजे आणखी सुमारे 1200 किलोमीटर. कागदावर आपण बंदराच्या रस्त्यावर आहोत! आणि उन्हाळ्यात पुलाखाली बघावं तर हिरव्यागार पाणवेली. बोट काय, म्हैस उतरवायची तरी विचार करावा लागतो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे पोलावरमचे व्हिडिओ. 960 मेगावॉटचं वीजघर, 48 दरवाजांचा सांडवा, शिवाय नावा वर-खाली नेणारं लॉक. ते पाहून आपल्याकडची पोरं विचारतात, नांदूरमध्यमेश्वरला हे का होत नाही? प्रश्न चुकीचा नाही. नदी तीच आहे. पण हिशेब करून बघू.

वीज दोन गोष्टींवर होते : पाणी किती आणि ते पडतं किती उंचीवरून. समजा बंधाऱ्यावर पाच मीटरचा फरक मिळाला आणि 1000 क्युसेक पाणी सतत चालू राहिलं. तरी वीज येते जेमतेम 1.1 मेगावॉट. आणि 1000 क्युसेक सतत कधी असतं? पावसाळ्यात. तेव्हाही मोठा पूर आला की बंधाऱ्याच्या खालचं पाणीही चढतं, वरचा-खालचा फरक कमी होतो आणि टर्बाइन थांबतं. म्हणजे पाणी भरपूर तेव्हा वीज नाही, आणि एरवी पाणीच नाही. कालव्याची आवर्तनं सोडली तर उरतं काय?

लॉकचंही तसंच. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. नाव आत घ्यायची, दरवाजा लावायचा, पाणी भरलं की नाव वर आणि सोडलं की खाली. साधी युक्ती आहे. आर्थर कॉटनच्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापासून, म्हणजे 1852 पासून, खालच्या गोदावरीत ती चालत आली. तिथे नदी रुंद, सपाट आणि बारमाही. आपल्याकडे 60 मीटर लांब, 12 मीटर रुंद हौद पाच मीटर भरायचा म्हटलं तर एका फेरीला 36 लाख लिटर पाणी बंधाऱ्याखाली जाणार. डाव्या-उजव्या कालव्याच्या आवर्तनासाठी भांडणारे आपण, ते पाणी नावेसाठी सोडू? (जायकवाडीवाले मात्र खूश होतील.) शिवाय भद्राचलमपर्यंत जायचं तर वाटेत जायकवाडी, विष्णुपुरी, बाभळी, श्रीरामसागर. प्रत्येक ठिकाणी हौद बांधत बसा.

मग आपल्याला हवं तरी काय? नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजांनी 1907 ते 1913 या काळात बांधला. शंभर वर्षांत गोदा आणि कादवा या दोन्ही नद्यांनी त्यात गाळ आणून टाकला. गाळाने पाणी साठायची जागा खाल्ली आणि आलेल्या पुराची फूग मागे सरकते, ती थेट सायखेडा-चांदोरीत. त्यात नाशिकच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली पुलाला येऊन अडकतात आणि पुलाचाच बांध होतो. 2008, 2016, 2019 : दर वेळी बाजारपेठेत पाणी. दुकानदाराला वर्षाचा माल एका रात्रीत माळ्यावर चढवावा लागतो, आणि ज्याचं घर मातीचं त्याने काय चढवायचं?

गाळाचा विषय काढला की उत्तर येतं, तिथे पक्षी अभयारण्य आहे, रामसरचा दर्जा आहे. असू द्या, आपल्यालाही त्याचा अभिमान आहे. पण गाळाने भरलेल्या तळ्यात पक्षी तरी किती दिवस येतील? कोणत्या भागातला गाळ, कोणत्या महिन्यात, किती काढायचा, हे वनखातं आणि जलसंपदा यांनी एका टेबलावर बसून ठरवायला काय हरकत आहे? गोदाकाठचा शेतकरी सुपीक गाळ स्वतःच्या ट्रॅक्टरने वाहून नेईल, फक्त परवानगी द्या.

दुसरं, गंगापूर आणि दारणा दोन्हीकडून एकदम विसर्ग वाढतो तेव्हा नांदूरमध्यमेश्वरचे गेट त्याआधी मोकळे झालेले पाहिजेत, पाणी गावात शिरल्यावर नव्हे. आणि निरोप नुसता क्युसेकमध्ये नको. ‘इतक्या वाजता पाणी पुलाच्या अमुक खुणेला लागेल’ असं सांगा, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या माणसालाही कळेल.

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकला घाट बांधले जातायत, नदी स्वच्छ करायच्या घोषणा होतायत. चांगलं आहे. पण नाशिकची घाण शेवटी येते कुठे? येत्या ग्रामसभेत पाणवेली, गाळ आणि गेट या तिन्हींचा ठराव लेखी मांडायचाय. सायखेडा, चांदोरी आणि काठावरच्या बाकी गावांनी एकाच मजकुराचा ठराव केला तर वजन पडेल. मसुदा कोण लिहितंय, कमेंटमध्ये सांगा.