डॉक्टर बाई झाली म्हणून मालिका बुडाली नाही



‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतील डॉक्टर हे मुख्य पात्र बाई केल्याने मालिका बुडाली, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे विधान चुकीचे आहे. ही भूमिका करणाऱ्या जोडी व्हिटेकर यांचा पहिला पूर्ण भाग ७ ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रिटनमध्ये एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. पुढे आकडा घसरला खरा. पण ती घसरण आधीच्या पुरुष डॉक्टरच्या काळातही होतीच. व्हिटेकर यांच्या काही कथा कच्च्या होत्या, तो दोष लेखनाचा. टीका तिथे करावी.

परंपरा मोडली, हा दुसरा आक्षेप. १९६६ साली पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळली, तेव्हा पात्रालाच नवे शरीर देण्याची युक्ती निघाली. तेव्हापासून चेहरा, वय, स्वभाव सगळे बदलत आले. फक्त पुरुषपण बदलू नये, हे कुणी ठरवले? २०१४ मध्ये डॉक्टरचा हाडवैरी मास्टर बाईच्या रूपात आलाच होता. आणि १९६३ मध्ये ही मालिका उभी केली ती व्हेरिटी लॅम्बर्ट या स्त्री निर्मातीने.

‘आपल्या मराठी मनाला हे पटत नाही’, हे वाक्य मला सर्वांत लागले. ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटातील तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली, ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. रंगभूमीवर बालगंधर्वांनी साकारलेल्या भामिनी आणि सिंधू आपण डोक्यावर घेतल्या. सातारकर स्त्री संगीत मंडळीसारख्या नाटक कंपन्यांत पुरुषपात्रे बायकाच रंगवत. यातले कोणते मराठी नव्हे, ते पत्रलेखकांनी सांगावे.

– एक वाचक, खटकचिंचोळी (ता. भालकी, जि. बिदर)