उंदीर पडले तेव्हा कोणी ऐकले?

साथ राव-रंक पाहत नाही, सगळ्यांना एका पातळीवर आणते, असे करोनाच्या दिवसांत आमच्या मानपुरापासून इंदुरापर्यंत जो तो म्हणत होता. त्याच्या जोडीला आणखी दोन विधाने हटकून येत. लोक अडाणी म्हणून साथ पसरते, तेव्हा थोडा दंडुका लागतोच, हे एक. आणि अशा तडाख्यातूनच समाज शहाणा होतो, हे दुसरे. ही तिन्ही विधाने खोटी आहेत, एवढेच म्हणून मी थांबणार नाही. ती घातक आहेत. त्यांच्या आडून समाजाची जुनी दुखणी सुखरूप पुढच्या साथीपर्यंत पोचतात.

समतेचे आधी पाहू. 1918 च्या इन्फ्लुएंझात मुंबईच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची जातवार, धर्मवार नोंद ठेवली. युरोपीयांत दर हजारी सुमारे 8 माणसे गेली, पारशांत 9, सवर्ण हिंदूंत आणि मुसलमानांत 19 च्या आसपास. ज्यांना त्या नोंदीत खालच्या जातींचे हिंदू म्हटले आहे, त्यांच्यात 61 हून जास्त. शहर एक, महिने तेच, रोग तोच. हा फरक खोल्यांच्या गर्दीने, अर्धपोटी शरीरांनी आणि कोणत्या वस्तीत डॉक्टर जातो, कोणत्या वस्तीत जात नाही, याने केला. मे 2020 मध्ये मुंबईकडून निघालेले मजूर बिजासन घाट ओलांडून आमच्याच आग्रा-मुंबई रस्त्याने उत्तरेकडे गेले. कोणी पायी, कोणी सायकलवर, कोणी ट्रकच्या टपावर. महूहून निघालेल्या एका कुटुंबाच्या गाडीला तर एका बाजूला बैल होता आणि दुसऱ्या बाजूला माणूस. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. घरात बसून राहणे ज्यांना परवडत होते आणि ज्यांना परवडत नव्हते, त्यांना कोणत्या अर्थाने एका पातळीवर मानायचे?

आता अडाणीपणाचा आरोप. तो मला सर्वांत अन्यायाचा वाटतो, म्हणून तिथे जरा थांबतो.

प्लेगाच्या साथीत 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, माणसांना तपासणीसाठी ओढून बाहेर काढले, सामानसुमान जाळले. त्याची परिणती 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली जाण्यात झाली, हे आपण शाळेत शिकतो. शाळेत शिकवत नाहीत ते असे की, एवढी सक्ती करणाऱ्या सरकारला प्लेग पसरतो कसा हेच तेव्हा कळलेले नव्हते. रोग घाणीत आणि दूषित हवेत आहे असे धरून घरे जंतुनाशकांनी धुतली जात होती. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले, तेव्हाही त्याचे कोणी खरे मानले नाही. मुंबईत 1905 पासून प्लेग संशोधन आयोगाने केलेल्या प्रयोगांनंतर ती गोष्ट पक्की झाली. उलट, ज्यांना अडाणी म्हटले जाई त्या लोकांना एक खूण अनुभवाने ठाऊक झाली होती. घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचे आणि माळावर झोपडी घालायची. 1911 च्या जनगणनेत इंदूर आणि नागपूर या शहरांची लोकसंख्या एकदम घसरलेली दिसते, त्याचे एक मोठे कारण हेच. मृत्यू तर होतेच, पण लोक शहर सोडून बाहेर राहत होते. त्या वेळी हाताशी असलेल्या उपायांत हा उपाय चांगल्यांपैकी होता.

लोकांचे सगळेच बरोबर होते, असे मी म्हणत नाही. हाफकिनसाहेबाची प्लेगवरची लस आली तेव्हा अफवा उठल्या, आणि लशीने पुष्कळ जीव वाचवता आले असते तिथे ते गेले. 1 एप्रिल 2020 ला इंदुरात टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. तो गुन्हा होता, त्याची भलामण करता येणार नाही. पण अफवा रुजते कुठे, हे पाहावे लागते. ज्या दारात सरकारी माणूस एरवी कधी फिरकत नाही आणि आला तर उचलून न्यायलाच येतो, त्या दारात ती रुजते. त्या पथकातल्या महिला डॉक्टर लगेच पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या. तो विश्वास मिळवण्याचा रस्ता होता आणि तो दंडुक्याने उघडला नसता.

साथ समाजाला शहाणे करते, याला उत्तर म्हणून मुंबईची सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट पुरेशी आहे. प्लेगानंतर 1898 मध्ये ती स्थापन झाली. तिने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. पाडलेल्या घरांतल्या गरिबांना नव्या घरांचे भाडे झेपेना, म्हणून ते शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरले. गर्दी हटली नाही, सरकली.

मग करायचे काय? याचे उत्तर इंदुरातच एकदा दिले गेले होते. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या बोलावण्यावरून पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इथे आले. मूळचे जीवशास्त्रज्ञ. 1918 मध्ये त्यांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला आणि पाडापाडीला विरोध केला. आधी गल्ली नीट पाहा, मग जेवढे अडते तेवढेच काढा, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी प्लेगाच्या दिवसांत दिवाळीची मिरवणूक काढली. ज्या रस्त्यांवर लोक घरे-अंगणे सर्वांत स्वच्छ करतील, त्या रस्त्यांनी ती जाईल असे जाहीर केले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगाचा भला मोठा उंदीर होता, शेवटी त्यांचे दहन झाले. आणि त्यात मेहतर मंडळी स्वच्छ कपड्यांत, रंगवलेल्या गाड्यांसह मानाने चालली. लोकांनी घरोघरचा केरकचरा आपण होऊन बाहेर काढला. रँडच्या पुण्यानंतर वीस वर्षांनी, रोग तोच असताना, लोकांना बरोबर घेऊन काम होते हे इथे दिसले.

पण हा मान एका दिवसाचा होता. दुसऱ्या दिवशी मैल्याची पाटी त्याच जातीच्या डोक्यावर परत गेली. मानपुराजवळच्या महूत 1891 मध्ये जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे जात मोडण्याबद्दल जे आयुष्यभर सांगितले, ते या मिरवणुकीत नव्हते. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करणारा सध्याचा कायदा 2013 चा आहे, आणि गटारात उतरून माणसे अजून मरतात. म्हणून माझे म्हणणे गेडिस यांच्याही पुढचे आहे. साथीचा बंदोबस्त साथ नसलेल्या वर्षांत होतो. घर, पाणी, मजुरी आणि घाणीला हात कोणी लावायचा याची वाटणी, या चार गोष्टींत. आणि वस्तीतल्या माणसाने सांगितलेली खूण त्याच दिवशी नोंदवून घेणारे कोणी तरी असण्यात.

इंदूर 2017 पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षे गाजले. त्यामागे सफाई कामगारांचे खरे कष्ट आहेत, तो गौरव मला पटतो. त्याच इंदुरात डिसेंबर 2025 च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. पाण्याला वास येतो, पाणी गढूळ आहे, ही तक्रार तिथल्या रहिवाशांनी आधीच केलेली होती. एका अर्थाने उंदीर पडल्याचे त्यांनी सांगितलेच होते. त्या तक्रारी कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होत्या, हे शहराने तारीखवार प्रसिद्ध करावे, आणि पुढच्या प्रत्येक तक्रारीचे उत्तर किती तासांत द्यायचे हे ठरवून वस्तीच्या चौकात लावावे. मानपुरातही.