'हार्टफेल' म्हणून मोकळे होऊ नका

गावात कोणी चालता-बोलता गेला की दोन वाक्ये ठरलेली असतात. एक, "हार्टफेल झाला." दुसरे, "नशीबवान, अंथरुणाला खिळला नाही." ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याबाबत हे एक वेळ ठीक. पण वाचकहो, पंचेचाळीस वर्षांचा कर्ता माणूस बांधावर कोसळतो, मागे सोसायटीचे कर्ज आणि शाळेतली पोरे उरतात, तेव्हाही आपण हेच बोलतो आणि तिसऱ्याला राख सावडून घरी येतो.

आधी एक घोळ निस्तरू. हृदयविकाराचा झटका वेगळा आणि हृदय बंद पडणे वेगळे. विहिरीवरची मोटार डोळ्यांपुढे आणा. पाइप चोंदला की पाणी पुढे सरकत नाही. झटका म्हणजे हेच. हृदयाला रक्त पुरवणारी नळी गाठीने बंद होते, माणूस बहुधा शुद्धीवर असतो आणि त्रास सांगू शकतो. पण एक फेज गेला की मोटार नुसती घुमते, पाणी उचलत नाही. हृदयाच्या विजेत बिघाड झाला की तेही असेच नुसते थरथरते, आणि माणूस काही सेकंदांत खाली पडतो. पुष्कळ वेळा हे दुसरे संकट पहिल्याच्या पोटातूनच येते. म्हणून पहिल्याची दखल वेळेत घेतली तर दुसरे टळू शकते.

तिथेच तर आपले घोडे पेंड खाते. छातीवर दाब आला, कळ हातात नाहीतर जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तरी घरात निदान तयार : "पित्त झालंय, सोडा घे." बायकांचे तर विचारूच नका. त्यांना कित्येकदा छातीत कळ येतच नाही. नुसता दम लागतो, पाठ भरून येते, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. त्या तशाच भाकरी थापत राहतात. असा त्रास दहा-पंधरा मिनिटांत थांबला नाही तर पित्ताचा नाद सोडा आणि १०८ ला फोन करा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गाडीला उशीर दिसला तर गावातली चारचाकी काढा. रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची जी रीत पडली आहे, ती जिवावर बेतते. वाटेत तो कोसळला तर कोणी काय करणार? आणि जिथे ईसीजी निघतो तिथेच जा. सलाईन लावून परत पाठवणाऱ्याकडे घालवलेला तास पुन्हा मिळत नाही. गाठ विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर, तितके हृदय अधिक वाचते.

पण झटका यायच्या आधीही बरीच वर्षे हातात असतात. ब्लडप्रेशर दुखत नाही, हीच त्याची मोठी खोड. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी फुकट, गोळ्याही फुकट. तरी महिनाभर गोळी खाल्ली, बरे वाटले, की डबी फडताळात जाते. पिकाला एकदा पाणी दिले म्हणून हंगामभर कोणी पाट बंद ठेवतो का? साखरेचेही तेच. तंबाखूचे काय सांगावे! गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली, पण पुडी कुठे मिळते हे शाळेतले पोरही सांगेल. विडी तर वाईटच, पण घरातली मशेरीही हृदयाच्या मुळावर उठते, हे आमच्या मायबहिणींना कोणी नीट सांगितलेलेच नाही.

तरुण पोरे जाऊ लागली तशी पारावर "लशीमुळे झालं" अशी चर्चा सुरू झाली. शंका येणे साहजिक होते. पण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयोगटातील अशा मृत्यूंचा अभ्यास केला आणि २०२३ मध्ये तो प्रसिद्ध केला. कोरोनाच्या लशीने धोका वाढल्याचे त्यात दिसले नाही. धोका दिसला तो वेगळीकडेच : घराण्यात कोणी असेच अचानक गेलेले असणे, कोरोनात दवाखान्यात भरती व्हावे लागणे, मरणाआधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू पिणे किंवा अंगमेहनतीचा अतिरेक करणे. तेव्हा ज्या घरात चाळिशीच्या आत कोणी अचानक गेले आहे, त्या घरातल्या पोराने भरतीच्या धावण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. धावताना किंवा कबड्डी खेळताना चक्कर येऊन पडणारा पोरगा 'उपाशी होता' म्हणून सोडून देऊ नये.

आता माणूस पडलाच तर? हाक मारून, खांदा हलवून बघा. उत्तर नाही, श्वास नाही, किंवा नुसते आचके येताहेत. आचके म्हणजे श्वास नव्हे, एवढे पक्के लक्षात ठेवा. आपण ते दिसले की तोंडात पाणी घालतो, कांदा हुंगवतो, भोवती गर्दी करतो. हे काही करू नका. एकाने १०८ लावावा. दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे करून छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवावा, कोपर ताठ करावे आणि दाबायला लागावे. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली जाईल एवढे जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात की दुसरा गडी घ्या, पण थांबू नका. काहीच केले नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. गाडी काही पाच मिनिटांत वाडीवर येत नाही.

२०२१ च्या जूनमध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन भर सामन्यात असाच कोसळला. तिथे शॉक देणारे यंत्र होते, डॉक्टर होते, हे खरेच. पण यंत्र लागण्याआधी त्याची छाती माणसाच्या हातांनीच दाबली गेली. पुढच्या वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला.

हे हात गावागावांत तयार व्हायला हवेत. येत्या ग्रामसभेत रस्त्याच्या आणि गटारीच्या विषयांबरोबर एक विषय हाही घ्या : आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून तासभर प्रात्यक्षिक. तालमीतली पोरे, बचत गटाच्या बाया, दूध डेअरीवरचा माणूस, एसटी स्टँडवरचे जीपवाले, सगळ्यांना एकेकदा बाहुलीवर हात टेकू द्या. जिथे आठवड्याचा बाजार आणि जत्रा भरते, तिथल्या पंचायतीने शॉकच्या यंत्राची मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी.