उठून दिसणारा वाघ

माझ्याकडे येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपैकी नऊ जण एकच वाक्य बोलतात : ‘वाघ जरा उठून दिसू दे.’ दहावा वाघाऐवजी बिबट्या म्हणतो. मी नागपुरात बसून दुसऱ्यांचे जंगलातले फोटो एडिट करतो. ताडोबा, पेंच, कान्हा इथून परतलेली मेमरी कार्डं माझ्या टेबलावर रिकामी होतात. पोट याच्यावरच चालतं, त्यामुळे पुढचं सगळं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

मे महिन्यातला ताडोबा डोळ्यांपुढे आणा. साग निष्पर्ण, बांबू वाळून पिवळा पडलेला, रस्त्यालगतच्या झुडपांवर धुळीचा थर. त्यात वाघ बसला की वाघ, गवत आणि माती ही सगळी रंगानं एकाच घरातली वाटतात. फरक उरतो तो उजेड-सावलीचा आणि अंगावरच्या पट्ट्यांचा. म्हणून ऑरेंजचा स्लायडर पुढे सरकवला की वाघाबरोबर बांबूही पेटतो. मग मास्क लावायचा. २०२१ साली लाइटरूममध्ये ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ आलं आणि ब्रशनं कडा गिरवत बसण्याचं काम एका क्लिकवर आलं. वाघ केशरी, मागचं रान काळं, सावल्यांत थोडा निळा. कानाभोवती पांढुरकी कड राहते, पण मोबाइलवर ती कोण बघतो?

गंमत अशी की ज्यांच्यासाठी वाघाचं कातडं असं घडलं, त्या सांबराला आणि चितळाला केशरी रंग दिसतच नाही. त्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन. त्यांना तो केशरी हिरव्या गवताच्याच रंगात मिसळलेला दिसतो, वर पट्टे अंगाची बाह्यरेषा मोडून टाकतात. वाघाची सारी कमाई न दिसण्यावर आहे. आणि मी पैसे घेतो ते त्याला दाखवण्याचे.

दोनेक वर्षांपूर्वी एक फोटो आला. बांबूच्या बेटात बसलेली वाघीण. मी मास्क लावला, बॅकग्राउंड दोन स्टॉप खाली नेलं, वाघिणीचा केशरी चढवला. गिऱ्हाईक खूश. त्यानं मोठी प्रिंट काढून दिवाणखान्यात लावली आणि पुढच्या खेपेला एक लहान प्रत सफारीतल्या गाइडला नेऊन दिली. गाइडनं ती उलटसुलट न्याहाळली आणि विचारलं, ‘अन् पिलू कुठं गेलं जी?’

गिऱ्हाइकानं हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. मी मूळ फाइल उघडली. वाघिणीच्या मागच्या पायापाशी, बांबूच्या दोन काड्यांमध्ये, एक कान आणि एक डोळा. सॉफ्टवेअरनं पिल्लाला बांबू समजून बॅकग्राउंडमध्ये टाकलं होतं आणि बॅकग्राउंड मी काळं केलं होतं. सॉफ्टवेअर चुकलं, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण त्या फोटोसमोर मी पाऊण तास बसलो होतो. वाघीण सोडून कशाकडे बघण्याची मला गरजच वाटली नव्हती.

स्पर्धांच्या नियमांना आपण फार जपतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याला २००९चं पहिलं बक्षीस मिळालं. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला असावा, असं परीक्षकांचं मत झालं आणि २०१०मध्ये बक्षीस काढून घेतलं गेलं. योग्यच झालं. फोटोत नसलेलं काही आणू नये, असलेलं काढू नये, हे सगळे मानतात. मीही एकही पिक्सेल पुसला नव्हता.

‘रॉ फाइल म्हणजे तरी सत्य कुठं असतं?’ असं माझे व्यवसायबंधू विचारतील. नसतंच. ती फिकी, सपाट असते, आणि अँसल ॲडम्सही डार्करूममध्ये काही भाग उजळत, काही गडद करत होता. मीही करतो. सकाळच्या सावलीतल्या फोटोवर निळसर झाक येते, ती काढतो. वाघाच्या डोळ्यांवरचे आणि गालांवरचे पांढरे भाग बघत राहतो. भर सावलीत ते पिवळे पडायला लागले की रंग जास्त झाला. केशरी चढवण्याऐवजी गवताचा पिवळा थोडा उतरवतो, मागचं रान पाव-अर्धा स्टॉप खाली. बस. बाकीचं जीपमध्ये व्हायला हवं : कडेचा उजेड, जनावर आणि झुडूप यांत अंतर पडेपर्यंत थांबणं. पण थांबतो कोण? मागच्या जीपवाल्याचा हॉर्न, पुढच्याची चढाओढ. त्यातून माझ्यासारख्यांनी केलेले वाघ लोकांच्या डोक्यात इतके बसलेत की सावलीतला खरा वाघ बघून माणसं ‘एवढाच?’ म्हणतात आणि ड्रायव्हरला जीप अजून जवळ घ्यायला लावतात.

मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करता करता झाडापाखरांची नावं वेचली, कोशात घातली. साग, ऐन, मोह, तेंदू. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे, बॅकग्राउंड. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ आणि कोळशाच्या खाणी शेजारी शेजारी आहेत. काळ्या बॅकग्राउंडवरचा वाघ बांबूच्या बेटात बसलाय की खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी, हे त्या फोटोवरून कोणीही सांगू शकणार नाही. ही सोय कोणाकोणाच्या पथ्यावर पडते, याचा विचार आम्ही एडिटिंगवाल्यांनी कधी केला नाही.

मी तो फोटो नव्यानं केला. पिल्लू दिसतं, पण शोधावं लागतं. प्रिंट माझ्या खर्चानं काढून गिऱ्हाइकाला दिली. तो म्हणाला, ‘छान आहे हो, पण वाघीण मागच्यासारखी पॉप होत नाही.’ त्याच्या भिंतीवर जुनीच आहे. नवी माझ्या टेबलामागे लावलीय. समोर बसलेली माणसं फाइल उघडेपर्यंत तिच्याकडे बघत असतात. काही जणांना पिल्लू सापडतं, बऱ्याच जणांना नाही. मी सांगत नाही.