मेनू कार्ड छापायच्या आधी भाजीबाजारात जाऊन या



डब्याचा किंवा घरगुती जेवणाचा धंदा सुरू करायचा म्हटलं की बहुतेक जण पहिलं काम हातात घेतात ते मेनू कार्डाचं. पनीर बटर मसाला, मटार पनीर, व्हेज कोल्हापुरी, दाल फ्राय, जीरा राइस. रंगीत डिझाइन, वर एक झकास फोटो. कार्ड व्हॉट्सॲपवर टाकलं की वाटतं, झाला धंदा सुरू!

माझं मत सरळ सांगतो. हे कार्ड छापू नका. निदान पहिलं वर्षभर तरी नकोच. घरगुती जेवणाच्या धंद्यात मेनू ठरवायचा अधिकार हंगामाला द्या. जी भाजी तुमच्या आसपास पिकते आहे आणि आज बाजारात भरपूर आली आहे, ती आज डब्यात. आरोग्य, परंपरा, निसर्ग ही कारणं खरीच आहेत, पण मी इथे धंद्याबद्दल बोलतोय. म्हणून आधी पैशांचं बघू.

मटाराचं गणित

एक उदाहरण घेऊ. भाव समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा, जानेवारीत मटाराच्या शेंगा 40 रुपये किलो आहेत आणि जुलैत 160. एक किलो शेंगा सोलल्या की हातात साधारण 400 ग्रॅम दाणे येतात. म्हणजे सोललेला मटार जानेवारीत 100 रुपये किलो पडला आणि जुलैत 400. एका डब्यात 60 ग्रॅम मटार धरा. जानेवारीत 6 रुपये, जुलैत 24. एका डब्यामागे 18 रुपयांचा फरक.

तुमचे 20 डबे आहेत. महिन्यातून 8 दिवस मटाराची भाजी. 18 गुणिले 20 गुणिले 8, म्हणजे 2,880 रुपये. आता तुम्हाला डब्यामागे सगळा खर्च जाऊन 15 रुपये सुटत असतील, तर 20 डब्यांचे 26 दिवसांत 7,800 रुपये होतात. त्यातला एक तृतीयांशाहून जास्त पैसा एकट्या मटाराने खाल्ला! आणि कार्डावर 'मटार पनीर' छापलंय म्हणून तुम्ही तो गपचूप घालत राहता.

कोणी म्हणेल, फ्रोझन मटार घेऊ की. घ्या, त्यात पाप नाही, अडीअडचणीला उपयोगी आहे. पण मग तुमच्या डब्यात आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात फरक काय राहिला? ग्राहक तुमच्याकडे 'घरचं' म्हणून आलाय.

लहान असणं हीच तुमची ताकद

हॉटेलवाल्याला वर्षभर तेच पदार्थ द्यावे लागतात. त्याचं कार्ड छापलेलं, ॲपवर फोटो चढवलेले, आचारी त्याच ग्रेव्हीत तरबेज. तो रोज पोत्याने कांदा उचलतो, त्याला मिळणारा भाव तुम्हाला मिळणार नाही. तिथे त्याच्याशी स्पर्धा करू नका.

पण एखाद्या शेतकऱ्याकडे आज चाकवताच्या फक्त 15 जुड्या आहेत. हॉटेलला त्या 15 जुड्यांचा उपयोग नाही. मोठ्या व्यापाऱ्यालाही नाही. तुम्हाला आहे! तुमचे 20 डबे त्यात निघतात. चाकवत, चुका, अंबाडी, करडई, शेपू, ओला पावटा, तुरीच्या ओल्या शेंगा हा सगळा थोडा-थोडा येणारा माल आहे. तो लहान धंद्यासाठीच बनलाय असं समजा. शिवाय ताकातला चाकवत, अंबाडीची भाजी किंवा सोलाण्याची आमटी शहरात एकट्या राहणाऱ्या माणसाला कुठल्या हॉटेलात मिळते? ज्याला ती आठवण आहे, तो तुम्हाला सोडून जात नाही.

कांदा-टोमॅटोवर सगळा डोलारा उभा करू नका

2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला 100 रुपयांच्या वर गेला होता, हे तुमच्या लक्षात असेल. ज्यांची प्रत्येक भाजी कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीवर उभी होती, त्यांना पर्यायच नव्हता. तुमचा सगळा मेनू त्या एका ग्रेव्हीवर असेल, तर तुमचा धंदा लासलगावच्या कांद्यावर आणि नारायणगावच्या टोमॅटोवर उभा आहे. तिथला भाव हलला की तुमचं घर हलतं.

आपल्या मराठी स्वयंपाकाला या ग्रेव्हीची गरजच नाही. आंबटपणाला चिंच आहे, आमसूल आहे, उन्हाळ्यात कैरी, पालेभाजीच्या दिवसांत चुका, बारा महिने ताक-दही. दाटपणाला दाण्याचं कूट, तिळाचं कूट, ओलं खोबरं, भिजवलेली हरभरा डाळ, बेसन. यातलं बरंच काही टिकाऊ आहे, हंगामात भरून ठेवता येतं. चिंच उन्हाळ्यात नवी येते, कोकमं पावसाआधी वाळवून त्यांची आमसुलं होतात, ती वर्षभर पुरतात. हा साठा म्हणजे भाववाढीवरचा तुमचा विमाच आहे.

वर्षाचा आराखडा असा करा

हिवाळा हा कमाईचा काळ. मेथी, पालक, गाजर, मटार, वांगी, पावटा, ओला हरभरा, सगळं भरपूर आणि स्वस्त. जळगावकडची भरताची वांगी याच दिवसांतली, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी येते. पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगं, बोरं, तिळाचं कूट घातलेली मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. हा एका दिवसाचा खास डबा आठवडाभर आधी जाहीर करा आणि आगाऊ नोंदणी घ्या. नोकरीवाल्या घरांत एवढ्या सगळ्या भाज्या निवडायला वेळ कुणाला आहे? वेळ त्यांच्याकडे नाही, भोगी मात्र त्यांना करायची आहे. धंद्याची जागा तिथे आहे.

उन्हाळ्यात पालेभाजी कमी आणि महाग होते. मग कडधान्यांवर या. मटकी, मूग, कुळीथ, वाल. पिठलं, कढी, सांडग्यांची भाजी. कोकणपट्ट्यात असाल तर कोवळ्या फणसाची भाजी. जोडीला कैरीचं पन्हं, आंब्याची डाळ. याच दिवसांत वाळवणं होतात. कुरडया, पापड, सांडगे हे तुमचं दुसरं उत्पादन होऊ शकतं, आणि ते पावसाळ्यात विकता येतं.

पावसाळा अवघड. भाजी चिखलाची येते, लवकर सडते, भाव वर-खाली होतात. तेव्हा भोपळा, दोडका, पडवळ, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली या रानभाज्या याच दिवसांत येतात आणि शहरात त्यांचा गाजावाजाही होतो. पण रानभाजी ओळखणाऱ्या, नेहमीच्या विक्रेत्या बाईकडूनच घ्या आणि कशी करायची तेही तिलाच विचारा. शेवळं नीट केली नाहीत तर घशाला खाज सुटते. ग्राहकावर प्रयोग करायचा नाही, आधी घरी करून खायचं.

आणि शेताच्या कॅलेंडरशेजारी सणाचं कॅलेंडर लावा. आषाढी एकादशीला उपवासाचा डबा, श्रावणात कांदा-लसणाशिवायचा डबा, ऋषिपंचमीला ऋषीची भाजी. मागणी कधी येणार हे पंचांगात आधीच छापलेलं असतं. अशी सोय फार कमी धंद्यांना मिळते.

"पण सर, ग्राहक तर पनीरच मागतो"

मागतो, खरं आहे. आठवड्यातून एकदा द्या. त्या दिवसाचा दर वेगळा ठेवा किंवा सरासरीत बसवा. पण ग्राहकाला खरं तर पनीर हवं असतं की भरवसा हवा असतो, हे नीट बघा. डबा वेळेवर येईल ना, पोट भरेल ना, पोळ्या मऊ असतील ना? हे पक्कं असेल तर भाजी बदललेली चालते. रोजचा भरवसा नसेल तर पनीरही ग्राहक टिकवत नाही.

म्हणून चौकट पक्की ठेवा आणि भाजी बदलती ठेवा. चार पोळ्या किंवा दोन भाकऱ्या, एक भाजी, एक आमटी किंवा उसळ, भात, कोशिंबीर. दर तोच, माप तेच, वेळ तीच. रविवारी ग्रुपवर आठवड्याचा मेनू टाकताना भाजीचं नाव लिहू नका, प्रकार लिहा. 'सोमवारी पालेभाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी फळभाजी.' मेथी की शेपू, हे सोमवारी सकाळी बाजारात भाव बघून ठरेल. कुणाला एखादी भाजी अजिबात चालत नसेल तर ती आधीच विचारून वहीत लिहून ठेवा. एवढ्याने निम्म्या तक्रारी सुरूच होत नाहीत.

स्वस्त भाजी खरंच स्वस्त आहे का?

आता दुसरी बाजू, कारण ती कुणी सांगत नाही. हंगामी पालेभाजी स्वस्त दिसते, कारण तिचं निवडणं आपण हिशोबात धरत नाही. 10 रुपयांची मेथीची जुडी. 20 डब्यांसाठी समजा 10 जुड्या, 100 रुपये. वा, किती स्वस्त! पण त्या निवडायला, तीन पाण्यांत धुवायला, चिरायला लागलेला दीड-दोन तास कुणाचा? बहुतेक घरांत बायकोचा, आईचा, सासूबाईंचा. आणि तो फुकट धरलेला असतो.

फुकट नाही धरायचा. तुमच्या भागात मदतनीस तासाला जेवढे घेते, तेवढे त्या तासांचे लिहा. समजा 60 रुपये तास, तर मेथीची किंमत 100 वरून 200 च्या आसपास गेली. आता तिची तुलना दुधी भोपळ्याशी करा, जो दहा मिनिटांत चिरून होतो. कधी कधी महाग दिसणारी भाजीच स्वस्त निघते.

यावर माझा नियम असा: एका दिवशी जास्त हातकामाची एकच भाजी. मेथी असेल त्या दिवशी आमटी साधी, कोशिंबीर काकडीची. आणि 30 डब्यांच्या पुढे गेलात की निवडायला शेजारच्या ताईंना रोजाने बोलवा. घरातल्या बाईच्या न मोजलेल्या कष्टांवर चालणाऱ्या धंद्याला मी नफ्यातला धंदा म्हणत नाही. ती दमली की तो बंद पडतो.

माल कुठून घ्यायचा

महाराष्ट्रात 2016 मध्ये फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या झाल्या. शेतकरी तुम्हाला थेट माल विकू शकतो. पुण्या-मुंबईत शेतकरी आठवडे बाजार भरतात, तिथे दोन-तीन रविवार नुसते फिरा, बोला, नंबर घ्या. मग दोन शेतकरी धरा. एकच नको, पाऊस झाला की एकाचा माल येत नाही. त्यांना सांगा, 'आठवड्याला इतक्या जुड्या नक्की घेईन, भाव त्या दिवशीच्या बाजाराचा, पैसे हातोहात.' भाव पाडून मागू नका. तुमची बचत हंगामातून यायला हवी, शेतकऱ्याच्या खिशातून नको. आणि ज्याला वेळेवर पैसे मिळतात, तो चांगली जुडी तुमच्यासाठी बाजूला ठेवतो.

एक सावधगिरी. शेतकऱ्याने तोंडी सांगितलं म्हणून 'सेंद्रिय' असं लिहू नका. त्या शब्दामागे प्रमाणपत्र लागतं, एनपीओपी किंवा पीजीएस-इंडियाचं. त्याऐवजी गावाचं नाव लिहा. 'आजची वांगी अमुक गावची' हे खरं आहे, तपासता येतं आणि ग्राहकाला आवडतंही. आणि हो, अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी घ्याच, धंदा घरातून असला तरी. फॉसकॉस पोर्टलवर अर्ज होतो, 14 आकडी नंबर मिळतो.

या आठवड्याचं काम

वही घ्या. सात दिवस सकाळी जवळच्या भाजीबाजारात जा. रोज दहा भाज्यांचे भाव लिहा. समोर लिहा, साफ करून किती उरते आणि निवडायला किती मिनिटं लागतात. सातव्या दिवशी प्रत्येक भाजीचा एका डब्यामागचा खरा खर्च काढा, वेळेच्या पैशांसकट. पहिल्या पाच भाज्या निवडा. तोच तुमचा पहिल्या आठवड्याचा मेनू.

ही वही वर्षभर चालवलीत तर पुढच्या वर्षी तुमच्या हातात तुमच्या गावच्या बाजाराचा असा हिशोब असेल, जो कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही, माझ्याही नाही. कार्ड छापायचंच असेल तर तेव्हा खुशाल छापा, त्या वहीवरून.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर बाजारात पिशवी आणि वही, दोन्ही घेऊन जा.