सूचना लावली म्हणजे निरोप पोचला का?



मागच्या वर्षी आरोग्य तपासणीची सूचना मी स्वतः कॉम्प्युटरवर तयार केली. वर शाळेचं नाव मोठ्या अक्षरात, चारी बाजूंनी फुलांची किनार, मधे नऊ ओळींचा मजकूर. प्रिंट छान निघाली. फाटकावर लावली, मुलांच्या दप्तरातही दिली. तरी तपासणीच्या दिवशी माझ्या वर्गातली सहा मुलं आलीच नाहीत. त्यातल्या एका मुलीला फळ्यावरचं नीट दिसत नसावं, अशी मला शंका होती.

दुसऱ्या दिवशी आजी तिचा हात धरून आल्या. म्हणाल्या, "सर, कागद तं भेटला, पण तारीख कुठी हाय ते काही सापडलं नाही." मी कागद पाहिला. तारीख सातव्या ओळीत, कंसात. सगळ्यात मोठं काय, तर शाळेचं नाव! आपली नात कोणत्या शाळेत जाते हे आजींना माहीत नव्हतं का?

डी.एड.ला आपण सगळ्यांनी संप्रेषण हा घटक शिकला आहे. प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक आणि प्रत्याभरण. परीक्षेत आकृती काढली, गुण मिळाले, विषय संपला. त्या आकृतीचं मूळ क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाच्या १९४८ सालच्या लेखात आहे. टेलिफोनसारख्या साधनांतून संदेश बिनचूक कसा जाईल, हा त्याचा प्रश्न होता. वाटेत संदेश बिघडवणाऱ्या गोष्टीला त्याने 'गोंगाट' म्हटलं. पुढे विल्बर श्रॅमने भर घातली, की सांगणारा आणि ऐकणारा यांच्या अनुभवात काहीतरी सामाईक हवं, नाहीतर अर्थ पोचत नाही.

माझं म्हणणं असं, की हा घटक फक्त बोलण्यापुरता नाही. तक्ता, सूचना, फ्लेक्स, भिंतीवरचं चित्र या सगळ्यांना तो लागू पडतो. माझी फुलांची किनार म्हणजे गोंगाटच होता.

आपण तर गुरुकुंज मोझरीत राहतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे आश्रम स्थापन केला. गावसफाई, व्यसनमुक्ती, शिक्षण हे विषय त्यांनी लोकांपर्यंत नेले ते खंजिरीवरच्या भजनातून आणि ग्रामगीतेच्या सोप्या ओव्यांतून. लोकांच्या कानाला जे आधीच ओळखीचं होतं, तेच माध्यम त्यांनी घेतलं. ग्राहकापासून सुरुवात करणं म्हणजे हेच.

चित्राचं उदाहरण पाहा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. म्हणून बैलजोडी, झोपडी अशी चिन्हं दिली गेली. सगळी रोजच्या पाहण्यातली. तसंच कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. एक आकार, एक रंग. एक शब्दही न वाचता दवाखान्याची पाटी ओळखू यायची.

आता आपले फ्लेक्स पाहा. प्रवेशोत्सवाच्या फ्लेक्सवर चेहरे दहा-बारा, आणि प्रवेश कधी, कागदपत्रं कोणती, हे खाली एका बारीक ओळीत. हा फ्लेक्स नेमका कोणासाठी? पालकांसाठी की फोटोतल्या माणसांसाठी?

आपल्या देवनागरीचीही एक अडचण आहे. अक्षरांच्या वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. नुकतं वाचायला शिकलेलं दुसरीतलं मूल तिथेच अडखळतं, आणि आपण म्हणतो, पोराला वाचता येत नाही. वळणदार फॉन्ट आणि पिवळ्यावर पांढरी अक्षरं यांचंही तेच.

कोणी म्हणेल, आता सगळं व्हॉट्सॲपवर जातं, कागदाचं काय घेऊन बसलात? पण त्याच कागदाचा फोटो काढून पाठवला तर लहान स्क्रीनवर तो आणखी बारीक दिसतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप बरा.

मी आता एवढंच करतो. सर्वात मोठ्या अक्षरात वार, तारीख, वेळ. त्याखाली काय आहे आणि सोबत काय आणायचं. शाळेचं नाव शेवटी, लहान. ओळींमध्ये मोकळी जागा. आणि वाटण्याआधी कागद तिसरीतल्या एका मुलाला आणि स्वयंपाकाच्या ताईंना दाखवतो. पाच मोजेपर्यंत पाहू देतो, मग विचारतो, "काय समजलं?" तारीख सांगता आली तर कागद पास, नाही तर मी नापास. पुस्तकातलं प्रत्याभरण ते हेच.

त्या मुलीची तपासणी पुढे झाली, चष्मा लागला. आता ती पहिल्या बाकावरून नाही, तिसऱ्या बाकावरूनही वाचते. पण मधे दोन महिने गेले, आणि ते माझ्या सूचनेमुळे गेले.

तुमच्या शाळेच्या फाटकावरची सूचना उद्या एकदा एखाद्या आजींना दाखवून पाहा. पालकांनो, तुम्हाला एखादा कागद समजला नाही तर संकोच न करता आम्हाला सांगा. चूक बहुतेक वेळा वाचणाऱ्याची नसते, लिहिणाऱ्याची असते.